अपूर्ण ताम्रपट : स्तुती, शिफारस आणि साक्ष

प्राचीन भारताच्या इतिहासग्रंथांत बालाघाटचे नाव जेथे आढळते, तेथे ते बहुधा एका ताम्रपटाच्या संदर्भात आढळते. हा ताम्रपट वाकाटक नृपती दुसरा पृथ्वीषेण याचा असून तो इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. अक्षरांच्या शिरोभागी लहान पेटीसारखा चौकोन असलेल्या, म्हणजे पेटिकाशीर्षक, लिपीत तो कोरलेला असून त्याची भाषा संस्कृत आहे. त्याचे प्रथम संपादन जर्मन पंडित कीलहॉर्न यांनी केले. पुढे नागपूरचे विद्वान संशोधक महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या वाकाटक लेखांच्या आपल्या संग्रहात त्याचा अंतर्भाव केला.

या लेखात प्रारंभी राजकुलाची वंशावळ आहे. पहिल्या प्रवरसेनाने केलेले यज्ञ, त्याच्या वंशजांचे पराक्रम, त्यांची धर्मनिष्ठा यांचे वर्णन क्रमाने येते. नरेंद्रसेनाविषयी असे सांगितले आहे की, कोसल, मेकल आणि मालव या देशांचे अधिपती त्याच्या आज्ञेचा मान राखीत. मेकल म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेस पसरलेल्या मैकल डोंगरांचा प्रदेश. त्यानंतर नरेंद्रसेनाचा पुत्र पृथ्वीषेण येतो, आणि त्याने आपल्या बुडालेल्या वंशाचा उद्धार केला असे त्याचे गौरवाने वर्णन होते. येथवर सर्व काही अशा लेखांच्या रीतीस धरून आहे. परंतु यापुढे, जेथे राजाने कोणते गाव कोणास दिले हे यावयाचे, तेथेच लेख थांबतो. गावाचे नाव नाही, सीमा नाहीत, दान घेणाऱ्याचे नाव नाही, करमाफी नाही. स्तुती पूर्ण झाली आहे. दान मात्र कधी लिहिलेच गेले नाही.

याची तुलना त्याच घराण्यातील राणी प्रभावतीगुप्ता हिच्या, पुणे येथे उपलब्ध झालेल्या ताम्रपटाशी करावी. त्यातही पूर्वजांची स्तुती आहेच. परंतु तो पुढे जाऊन सांगतो की, दंगुण नावाचे गाव चनालस्वामी नावाच्या ब्राह्मणास दिले आहे. तेथे स्तुती ही दानाच्या वाड्याचा दरवाजा आहे. बालाघाटच्या ताम्रपटात दरवाजा उभा आहे, पण त्यामागे वाडा नाही.

तो ताम्रपट अपूर्ण का राहिला, याचे कारण राजकारणात असेल वा लेखकाच्या हातात असेल. आपणां धर्मसेवकांस त्यातून मिळणारा बोध मात्र त्या कारणावर अवलंबून नाही. स्तुती करणे आणि शिफारस करणे ही दोन कामे आपल्या हातून नित्य घडतात. वेदीसमोर आपण देवाची स्तुती करतो, प्रेतकार्यप्रसंगी मृताची स्तुती करतो, आणि कार्यालयातील मेजावर बसून कोणाच्या नोकरीसाठी, कोणाच्या शाळाप्रवेशासाठी, कोणाच्या विवाहासाठी शिफारसपत्रे लिहितो. या आपल्या शब्दांपैकी किती शब्दांमागे ‘गाव’ असते, आणि किती शब्द नुसत्या वंशावळीपाशी थांबतात, हा प्रश्न प्रस्तुत लेखात इतिहासाच्या साहाय्याने विचारावयाचा आहे.

शब्दांचा विचार

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘स्तुती’ आणि ‘प्रशस्ती’ हे आपले संस्कृत शब्द. ‘शिफारस’ हा फारसीतून आलेला असून दरबारी व्यवहाराचा वास त्यास अद्याप आहे. ‘शिफारशीचा माणूस’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात कौतुक फारसे नसते, हे सर्वांस ठाऊक आहे. याच अर्थाचा जुना मराठी शब्द ‘भलावण’ हा होय. एखाद्याच्या भलेपणाची ग्वाही देणे असा भाव त्यात आहे.

नव्या करारात संत पौल जो ग्रीक शब्द योजतो त्याचा मूळ अर्थ एकत्र उभे करणे असा आहे. शिफारस करणारा दोन अपरिचितांस एकमेकांसमोर आणून उभे करतो, आणि अर्थातच स्वतः त्यांच्या शेजारी उभा राहतो. लॅटिन भाषेतील समानार्थी शब्दात सोपविणे, हवाली करणे असा अर्थ आहे. प्रभूने क्रुसावरून आपला आत्मा पित्याच्या हाती सोपविला, तेथे लॅटिन शास्त्रात हाच शब्द आला आहे. तेव्हा ख्रिस्ती परंपरेत शिफारस म्हणजे गोड शब्दांचा नजराणा नव्हे. एका माणसाला दुसऱ्याच्या हाती सोपविणे आणि त्याच्याबरोबर स्वतः उभे राहणे, असा तिचा अर्थ आहे.

स्तुतीला मोबदल्याची जोड असणे हे आपल्या प्रदेशास नवे नाही. गोंड समाजातील परधान हे परंपरेने गोंड यजमानांचे गायक होत. बाना नावाचे तंतुवाद्य वाजवून ते यजमानाच्या कुळाच्या आणि गोंड राजांच्या कथा गातात आणि त्याबद्दल देणगी स्वीकारतात. या समाजावर १९४६ साली ग्रंथ लिहिणारे शामराव हिवाळे हे मराठी ख्रिस्ती गृहस्थ होते, ही गोष्ट आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावी. परधानाच्या गाण्याला आपण सहज भाटगिरी म्हणून नाक मुरडू. पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. परधानाला आपल्या यजमानाचे कूळ ठाऊक असते. तो घरोघरी एकच गाणे नाव बदलून गात नाही. आपल्या शिफारसपत्रांविषयी असे म्हणता येईल काय?

संत पौलाची पत्रे

करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात संत पौल शिफारसपत्रांचा उल्लेख करतो. अशी पत्रे घेऊन काही उपदेशक करिंथास आले होते, आणि पौलाजवळ असे पत्र कोठे आहे, असा प्रश्न निघाला होता असे दिसते. पौल उत्तर देतो की करिंथचे भाविक हेच त्याचे पत्र आहेत. ते शाईने लिहिलेले नसून जिवंत देवाच्या आत्म्याने लिहिलेले आहे, आणि तेही दगडी पाट्यांवर नव्हे तर हृदयांवर. त्याच पत्राच्या दहाव्या अध्यायाच्या अखेरीस तो म्हणतो की स्वतःची शिफारस करणारा पसंतीस उतरत नाही. प्रभू ज्याची शिफारस करतो तोच उतरतो.

यावरून पौलास शिफारसपत्रांचा तिटकारा होता असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायाचा आरंभच एका शिफारशीने होतो. किंख्रिया येथील मंडळीची सेविका फिबी हिचे नाव तो देतो, ती कोणत्या मंडळीची आहे हे सांगतो, तिने पुष्कळांना आणि खुद्द आपणास आधार दिला हे नमूद करतो, आणि तिला ज्या कामी गरज पडेल त्या कामी साहाय्य करा असे रोमकरांना सांगतो. दोनच वचनांत नाव, गाव, कृत्य आणि मागणी ही चारही येतात. विशेषणांची गर्दी कोठेही नाही.

फिलेमोनास लिहिलेले पत्र तर संपूर्णच शिफारसपत्र आहे. अनेसिम हा धन्यापासून दूर गेलेला दास. पौल त्याचा पूर्वीचा दोष झाकीत नाही; तो पूर्वी निरुपयोगी होता हे तो मोकळेपणाने म्हणतो, आणि आता उपयोगी झाला आहे असे सांगतो. याहूनही महत्त्वाचे म्हणजे, त्याने काही नुकसान केले असल्यास किंवा काही देणे असल्यास ते माझ्या नावावर मांडा, असे पौल स्वतःच्या हाताने लिहून देतो. येथे शिफारस करणाराच जामीन झाला आहे. आपल्या खेड्यापाड्यांत जामीन राहणे म्हणजे काय हे कोणास सांगावे लागत नाही. सहकारी पतपेढीच्या कर्जाच्या कागदावर सही करताना माणूस दहादा विचार करतो. शिफारसपत्रावर सही करताना आपण एकदा तरी करतो काय?

प्रेषितांच्या कृत्यांत आणखी एक प्रसंग आहे. शौल येरुशलेमास आला तेव्हा सर्व शिष्य त्यास भीत होते. तो खरोखर शिष्य झाला आहे यावर त्यांचा विश्वास बसेना. तेव्हा बर्णबाने त्यास हाताशी धरून प्रेषितांकडे नेले. बर्णबाने शौलाच्या गुणांचे वर्णन केले नाही. वाटेवर त्याने प्रभूला कसे पाहिले आणि दिमिष्कात येशूच्या नावाने धैर्याने कसे भाषण केले, हे त्याने सांगितले. म्हणजे जे घडले ते सांगितले. मंडळीच्या इतिहासातील कदाचित सर्वांत मोठ्या परिणामाची ही शिफारस एक ओळही न लिहिता झाली.

लूकच्या शुभवर्तमानातील शताधिपतीची कथाही या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. यहुद्यांचे वडीलजन येशूकडे येऊन त्याची रदबदली करतात: हा मनुष्य पात्र आहे, आपल्या राष्ट्रावर याचे प्रेम आहे, याने आम्हांला सभास्थान बांधून दिले आहे. शिफारस खरी होती. परंतु ज्याच्यासाठी ती केली तो स्वतः मात्र निरोप पाठवितो की, प्रभूने माझ्या छपराखाली यावे इतकी माझी योग्यता नाही. लोक पात्र म्हणतात आणि तो स्वतःस अपात्र म्हणतो. प्रभू त्याच्या या विश्वासाचे नवल करतो. मिस्साविधीत प्रसाद स्वीकारण्यापूर्वी मंडळी आजही याच शताधिपतीच्या भावनेने प्रार्थना करते. म्हणजे सर्व शिफारशी संपतात तेथे आपण वेदीपाशी पोहोचतो.

प्रारंभीच्या मंडळीचा अनुभव

प्रेषितांच्या पश्चात मंडळी विखुरलेल्या शहरांत वाढू लागली, आणि प्रवासी उपदेशकांचा प्रश्न उभा राहिला. ‘दिदखे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अतिप्राचीन ग्रंथात त्यावर साधे नियम दिले आहेत. येणाऱ्या प्रेषिताचे स्वागत करावे. पण तो तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा समजावा, आणि निघताना त्याने पैसे मागितले तरीही तो खोटाच समजावा. दुसऱ्या शतकातील ग्रीक लेखक लूशियन याने पेरेग्रिनस नावाच्या एका भोंदूचे उपहासपर चरित्र लिहिले. ख्रिस्ती लोकांनी त्याचे किती लाड केले, हे त्याने थट्टेने रंगविले आहे. बाहेरच्या जगालाही आपला हा भोळेपणा दिसत होता.

तिसऱ्या शतकाच्या मध्यास कार्थेजमध्ये या प्रश्नाने उग्र रूप धारण केले. सम्राट डेसियस याच्या छळात अनेकांनी भयाने मूर्तींपुढे बली अर्पिला किंवा तसे केल्याचा दाखला मिळविला. छळ ओसरू लागताच त्यांना मंडळीत परत यावयाचे होते. ज्यांनी तुरुंगवास सोसून विश्वास राखला अशा साक्षीदारांना फार मान होता, आणि ते या पतितांसाठी शांतिपत्रे देऊ लागले. पुढे अशी पत्रे निघू लागली की ज्यांत एकाचे नाव असे आणि त्याबरोबर ‘त्याची माणसे’ अशी मोघम भर असे. वीस, तीस, कितीही माणसे त्यात मावत. बिशप सिप्रियन यांनी साक्षीदारांचा मान राखूनच त्यांना लिहिले की, ज्यांना तुम्ही स्वतः ओळखता, ज्यांचा पश्चात्ताप तुम्ही पाहिला आहे, त्यांची नावे एकेक करून लिहा. सिप्रियन यांना दयेचा द्वेष नव्हता. पश्चात्तापानंतर पतितांना परत घेण्याच्या बाजूने तेच उभे राहिले. निनावी दया त्यांना मान्य नव्हती. ते स्वतः २५८ साली हुतात्मा झाले.

पुढे हा व्यवहार नियमबद्ध झाला. अंत्युखियाच्या सभेच्या नियमांत, शांतिपत्रावाचून कोणाही परक्याचा स्वीकार करू नये असे ठरले. ४५१ सालच्या खाल्सेदोनच्या महासभेने अकराव्या नियमात पत्रांचे दोन प्रकार केले. गरीब व गरजू प्रवाशांना तपासणीनंतर शांतिपत्र द्यावे. शिफारसपत्र मात्र दुसऱ्या एका वर्गासाठी राखावे. त्या वर्गासाठी योजलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘ज्यांची ख्याती चांगली आहे’ असाही होतो आणि ‘ज्यांच्याविषयी संशय आहे’ असाही काही भाष्यकारांनी केला आहे. एकाच शब्दाचे असे दोन परस्परविरोधी अर्थ संभवावेत, यात शिफारशीच्या स्वभावाविषयी काही सूचित होते. ज्याची ख्याती निर्विवाद आहे त्यास पत्राची गरज कमी. ज्याच्याविषयी प्रश्न उठला आहे त्यासच स्पष्ट शब्दांची गरज अधिक. तेराव्या नियमात मात्र संदिग्धता नाही: आपल्या बिशपांच्या शिफारसपत्रावाचून परक्या धर्मगुरूने दुसऱ्या शहरात सेवाकार्य करू नये.

हाच नियम आजतागायत चालत आला आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील ९०३ वा नियम सांगतो की, अपरिचित धर्मगुरूने आपल्या वरिष्ठांचे वर्षभराच्या आत दिलेले शिफारसपत्र दाखविल्यास त्यास मिस्सा अर्पण करू द्यावी. प्रवासात आपण जे पत्र खिशात बाळगतो त्यास पंधराशे वर्षांहून अधिक इतिहास आहे.

या व्यवस्थेचे सामर्थ्य शत्रूंनाही जाणवले होते. सम्राट जूलियन, ज्याने चौथ्या शतकात जुन्या देवतांची उपासना पुन्हा प्रस्थापित करण्याचा प्रयत्न केला, त्यास बिशपांच्या पत्रांच्या या प्रथेचे विशेष कौतुक वाटे, असे इतिहासकार सोझोमेन नमूद करतो. पत्र घेऊन निघालेला अनोळखी ख्रिस्ती प्रवासी कोठेही गेला तरी त्यास मित्राप्रमाणे आसरा मिळे. रोमच्या रस्त्यांवर सैन्याच्या जोरावर जे साधत नव्हते ते एका विश्वसनीय कागदाने साधत होते. परंतु कागद विश्वसनीय राहिला तोवरच.

आपल्या प्रदेशातील काही प्रसंग

बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला व सिवनी या जिल्ह्यांचे भाग घेऊन अस्तित्वात आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर व भंडारा मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. तथापि मराठी भाषेचा आणि मराठी ख्रिस्ती परंपरेचा धागा तुटला नाही. या धाग्यातील दोन प्रसंग आमच्या सीमेला लागूनच घडले आहेत.

पहिला प्रसंग कवी नारायण वामन टिळक यांचा. टिळक नोकरीच्या निमित्ताने आमच्या शेजारच्या राजनांदगाव संस्थानाकडे आगगाडीने जात होते. डब्यातील एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचा संवाद जुळला. संस्कृत काव्यावर बोलणे झाले. निरोप घेताना त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली, ती वाचण्याची विनंती केली, आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. टिळकांना त्या मनुष्याचे नावही कधी कळले नाही. त्यांनी पुस्तक वाचावयास घेतले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले, गुंतले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत रेव्हरंड तुकारामजी नथोजी यांच्या हस्ते त्यांचा बाप्तिस्मा झाला.

येथे शिफारस झाली ती एका ग्रंथाची. शिफारस करणाऱ्याने आपले नाव मागे ठेवले नाही, आपल्या संस्थेची जाहिरात केली नाही. आधी त्याने समोरच्या माणसाच्या आवडीचा विषय मनापासून ऐकला, आणि मग स्वतःजवळची प्रत देऊन टाकली. म्हणजे स्तुतीबरोबर दानही झाले. आपले धर्मशिक्षक बांधव पाड्यावर जाऊन शुभवर्तमानाचे गोडवे गातात. त्यांनी या अनामिक प्रवाशाचे स्मरण ठेवावे.

टिळकांच्या कथेला आणखी एक बाजू आहे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचे भाग १९३४ पासून प्रसिद्ध झाले. टिळक तोवर मराठी ख्रिस्ती समाजाचे आराध्य झाले होते. प्रशस्तिपर चरित्र लिहिणे त्यांना सोपे होते. पण त्यांनी पतीचा तापट स्वभाव, पैशाच्या बाबतीतील बेफिकिरी, घर सोडून अचानक निघून जाणे, हे सर्व मोकळेपणाने आणि हसतखेळत लिहिले. परिणाम असा झाला की, टिळकांच्या मोठेपणावर वाचकाचा विश्वास बसतो. ज्या साक्षीदाराने दोष सांगितले त्याच्याच तोंडचे गुण खरे वाटतात. ताम्रपटावरील राजांत एकही दोष नाही, आणि म्हणूनच त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा आपल्या डोळ्यांपुढे येत नाही.

दुसरा प्रसंग मैकलच्या डोंगरातील. वेरिअर एल्विन हे अँग्लिकन धर्मगुरू १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले, आणि १९३२ साली शामराव हिवाळे यांच्यासह मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे गोंडांमध्ये राहावयास गेले. नागपूरचे अँग्लिकन बिशप अलेक्स वुड यांनी त्यांना सेवाकार्याचा परवाना दिला नाही. ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घेण्यास एल्विन तयार नव्हते, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. एल्विन गांधीजींच्या सहवासात आलेले होते. पुढे १९३५ साली त्यांनी मंडळीचाच त्याग केला. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बैगांवरील ग्रंथात आमच्या बैहर भागातील लोकांचेही जीवन आले आहे.

एल्विन यांच्या पुढील विचारांशी आणि जीवनक्रमाशी आपण सहमत असण्याचे कारण नाही. मिशनकार्यावर त्यांनी केलेली टीका कठोर होती. परंतु येथे प्रश्न परवान्याचा आहे. शुभवर्तमानाच्या सेवेसाठी माणूस योग्य आहे की नाही, या प्रश्नात राजनिष्ठेचा प्रश्न मिसळला गेला. पत्र नाकारताना देखील ते कोणत्या कारणाने नाकारले जाते, हे मंडळीने स्वच्छ ठेवावयास हवे. नाही तर दिलेल्या पत्रांप्रमाणे नाकारलेली पत्रेही खोटी ठरतात.

मौनाची शिफारस

शिफारशीचा सर्वांत घातक प्रकार म्हणजे जे लिहावयास हवे ते न लिहिणे. २००२ साली अमेरिकेतील बोस्टन धर्मप्रांतात जे उघडकीस आले, आणि त्यानंतर अनेक देशांत जे आढळले, त्यातील दुःखाची एक गोष्ट अशी की, बालकांवर अत्याचार केल्याचे ठाऊक असलेल्या धर्मगुरूंना एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात पाठविले गेले, आणि तेथील लोकांना काहीही कळविले गेले नाही. कागदपत्र नीटनेटके होते. जो सोपविला जात होता त्याची काळजी घेतली गेली. ज्यांच्याकडे सोपविला जात होता त्या मुलांची घेतली गेली नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली अशा आरोपांची वरिष्ठांस खबर देणे हे धर्मगुरूंचे व संन्यस्तांचे कर्तव्य म्हणून बंधनकारक केले. खाल्सेदोनच्या तेराव्या नियमाचा मूळ हेतू हाच होता: अनोळखी मंडळीचे रक्षण. तो हेतू विसरून आपण पत्र सांभाळले.

याच्या मानाने आपली रोजची पत्रे क्षुल्लक वाटतील. परंतु सवय तेथेच लागते. एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका वसतिगृहातील मोजक्या जागांसाठी आमच्या गावांतील अनेक मुलांच्या पालकांनी माझ्याकडे पत्रे मागितली. कोणास नाही म्हणावे? मी सर्वांनाच दिली. पुढे त्या वसतिगृहाच्या प्रमुखांनी मला बोलावून माझीच सात पत्रे मेजावर ओळीने मांडली आणि सौम्य स्वरात म्हणाले, ‘‘फादर, या सातही मुलांविषयी आपण तीच तीन वाक्ये लिहिली आहेत. आता यांतून मी कोणास घ्यावे ते आपणच सांगा.’’ त्या सातांत एक पोरका मुलगा होता; त्याची खरी गरज मला ठाऊक होती. ती एका ओळीतही मी लिहिली नव्हती. जागा भरून गेल्या आणि तो राहिला. सर्वांना खूश करणाऱ्या माझ्या लेखणीने ज्यास आधार हवा होता त्यासच बुडविले. सिप्रियन यांनी मोघम शांतिपत्रांवर जो आक्षेप घेतला, तो मला त्या दिवशी प्रथम नीट कळला.

देवाची स्तुती

येथवर माणसांविषयी बोललो. देवाच्या स्तुतीस हा विचार लागू होतो काय? देवास कोणाच्या शिफारशीची गरज नाही आणि आपल्या स्तुतीने त्याचे ऐश्वर्य वाढत नाही. तरीही पवित्र शास्त्र स्तुतीची एक विशिष्ट रीत शिकविते. १३६ वे स्तोत्र घ्या. देवाची दया सनातन आहे हे प्रत्येक ओळीनंतर येते, पण प्रत्येक ओळीत एक कृत्य आहे: आकाश, पृथ्वी, मिसरातून सुटका, रानातील वाटचाल, आणि शेवटी सर्व प्राण्यांना अन्न. स्तोत्रकर्ता नुसत्या विशेषणांपाशी थांबत नाही. तो घडलेले सांगतो. राजप्रशस्तीत राजाने दरिद्र्यांना जेवू घातल्याचे फारसे येत नाही. या स्तुतीची समाप्तीच अन्नदानाने होते.

आणि जेथे स्तुती कृत्यावाचून राहते, तेथे संदेष्टे तिचा धिक्कार करतात. आमोसाच्या पाचव्या अध्यायात परमेश्वर आपल्या लोकांच्या गीतांचा गोंगाट नको म्हणतो आणि न्याय जलौघाप्रमाणे वाहो असे सांगतो. संत याकोब विचारतो की, उघड्या व उपाशी भावाला गोड शब्दांनी निरोप दिला आणि वस्त्र वा अन्न काहीच दिले नाही, तर त्याचा काय लाभ? तेही एक अपूर्ण ताम्रपटच म्हणावयाचे.

मिस्साविधीची रचना या दृष्टीने पाहावी. प्रास्ताविक प्रार्थनेत आपण देवाची स्तुती आरंभितो, देवदूतांच्या स्वरात पवित्र, पवित्र म्हणतो. तेथे विधी संपत असता तर ती एक सुंदर प्रशस्ती झाली असती. परंतु विधी पुढे जातो. भाकर घेतली जाते, मोडली जाते, दिली जाते. ज्या रात्री प्रभूने आभार मानले त्याच रात्री त्याने स्वतःस दिले. ख्रिस्ती स्तुती आणि दान यांमध्ये रिकामा पत्रा ठेवता येत नाही, कारण प्रभूने तो आपल्या रक्ताने लिहून पूर्ण केला आहे.

समारोप

या विवेचनातून आपल्या सेवेसाठी काही गोष्टी निघतात. ज्यास आपण ओळखत नाही त्याचे पत्र लिहू नये. तो बाप्तिस्माप्राप्त असून मंडळीचा सभासद आहे, एवढा दाखला द्यावा व तेथे थांबावे. ज्यास ओळखतो त्याचे पत्र लिहिताना त्याच्या हातून घडलेले एक तरी कृत्य नमूद करावे. दोष सांगणे आवश्यक असेल तेथे फिलेमोनाच्या पत्राप्रमाणे तो प्रेमाने सांगावा. कोणाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तेथे तो सांगितलाच पाहिजे. आणि पत्र दिल्यावर आपण त्या माणसाचे जामीन झालो हे ध्यानात ठेवून, तो कसा आहे याची चौकशी पुढेही करीत राहावे. प्रेतकार्याच्या प्रवचनात मृताच्या गुणांची यादी वाचण्याऐवजी, देवाने या माणसाच्या हातून काय केले ते सांगावे. धर्मशिक्षकांनी मुलांना शाबासकी देताना ‘फार छान’ म्हणून सोडू नये. काय छान केले ते सांगावे. विधवेच्या दोन टोल्यांची प्रशंसा करताना प्रभूनेही तिने नेमके काय दिले ते शिष्यांना दाखविले.

पृथ्वीषेणाच्या त्या ताम्रपटात राजा कसा थोर आहे हे कोरलेले आहे. कोणास काय मिळाले ते कोरलेले नाही. पंधराशे वर्षे उलटली, आता ते कोणी लिहू शकत नाही. आपल्या मेजावरील कागद मात्र अजून कोरा आहे, आणि ज्याचे नाव त्यावर लिहावयाचे तो बहुधा दाराबाहेर उभा आहे.